भाजलेले चिंचोके

आत्ती, तुम्हाला जाऊन पंधरा पावसाळे झाले. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला चार ओळी धाडल्या नाहीत याचा राग धरू नका. मला लिहायला येत नाही, तुम्हाला वाचायला येत नव्हतं. दोघीही अंगठेवाल्या, मग मधे पोस्टमनला कशाला दमवायचं? आज मात्र लिहिणारी सापडली आहे. तुमची पणती, माझ्या थोरल्याची पोरगी. तुम्ही गेलात तेव्हा आठ वर्षांची होती, आता माझ्या डोक्यावरून बघते. समोर स्टुलावर वही घेऊन बसली आहे. मी हाय म्हटलं की ही आहे लिहिते, न्हाई म्हटलं की नाही. म्हणते, "आज्जी, तसं लिहिलं तर वाचणारा हसेल." आता वाचणाऱ्या तुम्ही. तुम्हाला हसताना मी जन्मात दोनदा पाहिलं, त्यातलं एकदा मी विहिरीवर घसरून पडले तेव्हा. म्हणून म्हटलं, लिही बाई तुझ्या शाळेचं.

हिच्या अंगात जायचे कपडे आहेत, दारात बॅग आहे, आणि दर चार ओळींना ही मनगटावरचं घड्याळ बघते. अकराची गाडी आहे. पुण्याच्या अलीकडं एका फाट्यावर उतरायचं, तिथं कुणीतरी मोटार घेऊन येणार, आणि तो नेईल तिथं हिला नोकरी लागणार. कोण येणार ते हिला ठाऊक नाही. कुठं नेणार ते उतरल्यावर फोनवर सांगतो म्हणाला. आईनं दशम्या बांधून दिल्या आणि ती कामाला गेली, बापानं जाता जाता देवापुढं नारळ ठेवला. घरात सगळा आनंद आहे. मी तेवढे त्या नारळाला हात जोडले नाहीत. सकाळी मी हिला म्हटलं, "जायच्या आधी म्हातारीचं एवढं काम कर, एक पत्र लिही." "कुणाला?" "माझ्या सासूला." "आज्जी, त्या वारल्या की!" "म्हणूनच. जित्या होत्या तवा तोंड उघडायची सोय कुठं होती?" हसली आणि बसली. अजून हसतेच आहे. हसू दे.

तुम्ही मला पहिल्यांदा चौकात नेलंत तो दिवस मला लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आठवतो. लग्नात मी खाली मान घालून होते, चौकात तुम्ही मान वर करायला लावलीत. सकाळची वेळ, पानाच्या टपरीशेजारचा कट्टा, बायका आणि गडी पाट्या-खोरी घेऊन बसलेत, आणि मुकादम, गवंडी, घर बांधणारे पावणे येऊन बघतात, विचारतात, घेऊन जातात. मी माहेरहून नवं कोरं खोरं आणलं होतं, दांड्याला अजून बाजाराचा रंग. मला वाटलं, तुम्ही कौतुक कराल. तुम्ही ते माझ्या हातातून हिसकलंत आणि सगळ्यांच्या देखत गटारीच्या दगडावर खराखरा घासलंत. "नव्या खोऱ्याची बाई नवीच असती. कोन नेईल तुला? आन् उद्या चिखलाचं घिऊन आलीस तर म्हणतील आळशी हाय. पातं घासल्यालं पायजे, दांडा हाताळल्याला पायजे. समजलं का, माहेरवाशीण?" अख्खा कट्टा हसला. मी रडले. पण त्या दिवशी मला काम मिळालं, आणि शेजारच्या रंगवलेल्या दांड्याच्या पोरी बसून राहिल्या.

आणि तुमची ती चंची. कमरेला, दोन कप्प्यांची. एकात पानसुपारी, दुसऱ्यात चिंचोके. लोकांना वाटायचं म्हातारीला चघळायची सवय आहे. आपल्या घोळक्याकडं बघून गेला त्याचा एक चिंचोका. दर विचारला त्याचा फोडलेला अर्धा. घरी आल्यावर उंबऱ्यावर पालथे मांडायचात आणि पोथी वाचल्यासारखं वाचायचात. "बघणारं ढीग हाईत आन् विचारणारं न्हाईत, म्हंजे हत्यार नडतंय. विचारणारं हाईत आन् नेणारं न्हाईत, म्हंजे जीभ नडतिया." मग दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुढं, कुणीतरी मागं, कुणाच्या तोंडाला कुलूप. एका दिवशी एकच बदल. मी एकदा जागाही बदलली आणि लुगडंही, तर ओरडलात, "दोन्ही बदललंस, आता कशानं बघितलं ते तुझा बा सांगणार हाय?" सगळा चौक तुमच्या चंचीत होता.

आणि तिसरा चिंचोका, तो काळा. चुलीत भाजलेला. एकाच माणसानं दुसऱ्यांदा बघितलं आणि न विचारता गेला, की त्याचा एक काळा. एका माणसाचे तीन काळे झाले की तुम्ही काही न बोलता उठायचात आणि आमचा घोळका दुसऱ्या चौकात नेऊन बसवायचात, काम मिळो ना मिळो. मी विचारलं होतं, एवढं काय झालं? बघेना का. तुम्ही पानाची पिंक टाकलीत. "कामवाला येकदा बघतोय, दुसऱ्यांदा विचारतोय. रोज बघून मुकाट जाणारा कामाला बाई न्हाई बघत. तिच्यासंगं कोन हाय ते बघतोय."

आता ही म्हणते, आज्जी, हे त्यांना माहीतच आहे की, त्यांनाच कशाला सांगतेस? मी म्हटलं, तू लिही. सासवांना आपलंच शहाणपण परत ऐकायला आवडतं.

तर हिची गोष्ट. ही इंजिनियर झाली, आत्ती. ज्या रस्त्यांवर आपण डोक्यानं खडी वाहिली तसल्या रस्त्यांचे नकाशे काढायला शिकली. आणि शिकून वर्षभर घरात बसली. मंदी आहे म्हणे. मग हिच्या मैत्रिणीनं सांगितलं की कॉम्प्युटरवर एक जागा आहे, तिथं शिकलेली माणसं आपलं नाव, फोटो, कसब लावून ठेवतात, आणि कंपन्यांची माणसं येऊन बघून जातात. आपल्या गल्लीच्या तोंडाला नेटकॅफे आहे, लाकडी खण आणि खणाला पडदे. मी हिच्यासोबत जायची. पोरगी पडद्याआड बसणार म्हटल्यावर म्हातारी स्टूल टाकून बसणारच. तिनं दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "म्हंजे आमचा चौक की ग हा."

"चौक नाही ग आज्जी. हे शिकलेल्या लोकांचं असतं."

"व्हय, पाट्या-खोरी दिसत न्हाईत. बाकी तोंडं तशीच हाईत की, कोन न्हेतोय का न्हाई म्हणणारी."

सुरुवातीला आठवडाभरात तीन माणसांनी हिचं पान उघडलं. त्यातली एक तीच मैत्रीण. मी विचारलं, तीन हे तुला कसं कळलं? तर ते यंत्रच सांगतं. आठवड्यात कितीजणांनी पान बघितलं, कितीजणांच्या शोधात तुझं नाव आलं, बघणारा कसल्या धंद्यातला, कुठल्या भागातला. आत्ती, माझ्या अंगावर काटा आला. चिंचोके मांडूनच देतंय की हे! तुम्ही असतात तर त्या खणातून उठला नसतात.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. हिनं एक वही केली. डाव्या बाजूला काय बदललं, उजव्या बाजूला किती जणांनी बघितलं. आधी फोटो. स्टुडिओतला होता, मागं धबधब्याचा पडदा, कानात झुमके. मी म्हटलं, "हे बघून कामाला कोण न्हेईल? मुलगी बघाय येतील." मग कॉलेजच्या मोजणीच्या वेळचा लावला, डोक्यावर टोपडं, हातात पट्टी, बाह्या वर. तिनाचे अकरा झाले. दुसऱ्या आठवड्यात नावाखालची ओळ. 'नोकरीच्या शोधात' असं लिहिलं होतं. "भुकेल्याला कोण जेवायला बोलवत न्हाई ग. पोट भरल्यावाणी बस." तिनं ते पुसून 'पाणीपुरवठा योजना, साइटवरची देखरेख' असं केलं, कारण शोधणारे म्हणे तेच शब्द टाकून शोधतात. अकराचे तीस झाले. तिसऱ्या आठवड्यात मी सांगितलं, मुकादम सकाळीच फिरतो, तूही सकाळीच ताजं काहीतरी लाव. चाळीसच्या वर गेले. ही खणातच नाचली. मीही नाचले असते, गुडघे असते तर.

चौथ्या आठवड्यात ही सहज म्हणाली, "आज्जी, हा बघ, परत आलाय." नावाच्या जागी नावच नाही. 'कुणीतरी, बांधकाम क्षेत्र, पुणे परिसर', एवढंच. नाव झाकून बघायची सोय आहे म्हणे तिथं. पैसे भरले तर काही नावं दाखवतात, पण ज्यानं झाकलंय त्याचं तेव्हाही दाखवत नाहीत. मी विचारलं, "परत म्हंजे किती येळा?" हिनं वही चाळली. "रोज येतो की. आपण यायच्या आधीच." आणि हसून म्हणाली, "माझ्यावर भाळलाय."

मी त्या दिवशी घरी येऊन चुलीत, म्हणजे आता गॅसवर, तव्यात चिंचोके भाजले. सुनेनं विचारलं, काय जळतंय? मी म्हटलं, जुनं काहीतरी.

अकरा चिंचोके झाले, आत्ती. अकरा दिवस रोज एक काळा. बाराव्या दिवशी निरोप आला. पाणी योजनेचं काम आहे, बायका मजूर आहेत, त्यांच्यावर देखरेखीला एक लेडी इंजिनियर पाहिजे. एक. राहायची सोय आहे, अस्सल सर्टिफिकिटं घेऊन या, गाडी पाठवतो. आणि निरोप आला त्या दिवसापासून त्या 'कुणीतरी'नं बघणं बंद केलं. बघून झालं होतं त्याचं.

मी नको म्हटलं. तर हिनं मला एकच प्रश्न विचारला. "आज्जी, तूच म्हणालीस ना, दिसलं पाहिजे? आता दिसले, तर जाऊ नको म्हणतेस. का?"  त्याला दोन दिवस झाले. उत्तर माझ्यापाशी आहे, पण ते आधी तुमचं देणं आहे. तुम्हाला सांगितल्याबिगर ते हिला कसं सांगू? म्हणून हे पत्र. घड्याळ बघू नको ग, लिही.

तुमच्या छातीत कफ धरला ती थंडी आठवा. गुऱ्हाळं पेटली होती, सगळ्या वाऱ्याला काकवीचा वास होता आणि तुम्हाला श्वास घेता येत नव्हता. तुम्ही घोंगड्यावर बसून कमरेची चंची सोडलीत आणि माझ्या पदरात टाकलीत. "उद्यापासनं मोजणी तुजी." तीस वर्षं तुमच्या मागं बसले होते. आयुष्यात तुम्ही मला हातानं दिलेली ती एकच वस्तू.

तुम्ही धाकटीला कायम मागच्या रांगेत बसवायचात, दोन म्हाताऱ्यांच्या मधे. तुमच्या शेंडेफळाची बायको, पंचविशीची, हसली की रस्त्यानं जाणारी सायकल थांबायची. मी म्हटलं, आत्तींचे जुने विचार. पहिल्याच दिवशी मी तिला पुढं बसवलं, कट्ट्याच्या टोकाला, सकाळचं ऊन तोंडावर पडेल अशी. चिंचोके पुरले नाहीत मला, आत्ती. आठ वाजायच्या आत आपला सगळा घोळका कामावर. संध्याकाळी तुमच्यापुढं मांडले तेव्हा तुम्ही बोटानं ते सरकवत राहिलात आणि म्हणालात, "सुधारलीस ग." तीस वर्षांत एकदा. मला ते दुसऱ्या दिवशीही ऐकायचं होतं, आणि तिसऱ्याही.

त्याच पहिल्या दिवशी ती जीप आली होती. पांढरी, काळ्या काचांची. काच तीन बोटं खाली यायची, थांबायची, परत वर जायची, आणि जीप निघून जायची. दुसऱ्या दिवशी परत आली. मी काळा चिंचोका हातात घेतला. आता तो चंचीत टाकला तर संध्याकाळी तुम्हाला दिसणार. तीन झाले की तुम्ही म्हणणार, उठवा तिथनं, धाकटीला मागं घ्या. आणि माझा मांडलेला चौक मोडणार. तेव्हा मी काय केलं सांगू? घरी येताना वाटेत तो तोंडात टाकला. भाजलेलाच होता. दाढेखाली धरला, फोडला, चावला, गिळला. घरी आले तेव्हा चंचीत फक्त चांगले चिंचोके होते.

असे आठ खाल्ले. रोज एक.

दहाव्या दिवशी काच पूर्ण खाली आली आणि त्यानं विचारलं. मलकापूरच्या पुढं, घाटाच्या रस्त्याचं काम आहे, गडी मजूर भरपूर आहेत, त्यांच्या भाकऱ्या बडवायला एक बाई पाहिजे, आठ दिवसांसाठी. मी म्हटलं, "दोघी येतो." तो म्हणाला, "जागा एकाच बाईची हाय, मावशी." आपली एकटी बाई कुठं पाठवायची नाही हा तुमचा कायदा लहान पोराला ठाऊक होता. पण धाकटी आधीच उठली होती. "जाती की अक्का. आठ दिस तर हाईत. आत्तीस्नी मागनं सांगू, आत्ता सांगितलं तर हातरुणावरनं उठून येतील मला वडाय." आणि हसली. भाकऱ्यांना खोरं लागत नाही म्हणून तिनं आपलं खोरं माझ्या हातात दिलं. मी एका हातात माझं आणि एका हातात तिचं खोरं घेऊन उभी. ती मागं बसली. तिनं हात वर केला, तेवढ्यात काच वर गेली. हात दिसला, तोंड दिसलं नाही.

आठ दिवस झाले. पंधरा झाले. धाकटे भावोजी मलकापूरला गेले, पुढं घाटापर्यंत चालत गेले. रस्त्याचं काम कुठंच नव्हतं. नुसतं रान होतं. चौकीत लिहून घेतलं. चौकात लोक म्हणाले, पळून गेली असंल, हसरीच होती तशी. आणि घरात तेच ठरलं, कारण ते सोपं होतं. मी कुणाला नाही म्हटलं नाही. ही पोरगी तेच ऐकत मोठी झाली, लहान आज्जी पळून गेली.

इथं हिचा हात थांबलाय, आत्ती. बघते आहे माझ्याकडं. लहान आज्जीच हिची वेणी घालायची.

"आज्जी, लहान आज्जी पळून गेली नव्हती?"

"लिही."

"आज्जी…"

"आधी त्यास्नी कळू दे. मग तुझं-माझं."

फक्त तुम्ही मानलं नाहीत. तुम्ही मला घोंगड्याजवळ बोलावलंत आणि विचारलंत, "रोजचा बघणारा कोण न्हवता न्हवं? सांग. एक तरी काळा पडला हुता का?" तुमचे डोळे तापानं लाल होते, पण तुम्ही माझ्याकडं असं बघत होतात जसं मुकादमाच्या तोंडाकडं बघायचात. आणि मी म्हटलं, "न्हाई आत्ती. त्याच दिवशी पहिल्यांदा आला."  तुम्ही चंची मागितलीत, मोरीत पालथी केलीत, सगळे चिंचोके पाण्याबरोबर गेले. "माझी मोजणीच खोटी," म्हणालात. "जल्मभर खोटं शिकवलं तुला. माफ कर, पोरी." तुम्ही मला पोरी म्हणालात. तुम्ही माझी माफी मागितलीत. आणि मी मागू दिली. परत तुम्ही चौकात आला नाहीत. पाडव्याच्या आधी गेलात. जाताना तुम्हाला वाटत होतं की तुमचा डोळा चुकला.

तो चुकला नव्हता. नऊ दिवसांत आठ काळे पडले होते, आत्ती. तुमचा कायदा पाळला असता तर चौथ्याच दिवशी आम्ही दुसऱ्या चौकात बसलो असतो, ती मागच्या रांगेत असती, आणि आज चाळिशीला टेकून माझ्याशी भांडत असती.

थांबा जरा. फोन वाजतोय.

हिनं उचलला. तोच होता. "निघालात का, मॅडम?" एवढं मलाही ऐकू आलं. मी हिच्या दुसऱ्या कानात सांगितलं, तुमचंच वाक्य, आठवतं का, परगावच्या कामाला तुम्ही मुकादमाला म्हणायचात ते, तिथल्या एका बाईशी आधी बोलू दे. हिनं विचारलं, "तिथं ज्या बायका काम करतात, त्यांतल्या एकीला जरा फोन देता का?"

"आहेत की, भरपूर आहेत. तुम्ही या तर आधी."

"एकीशीच बोलते. दोन मिनिटं."

"आत्ता सगळ्या साइटवर आहेत."

"मग जेवणाच्या सुट्टीत लावते मी."

 आणि त्यानं विचारलं, अगदी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, घरी आत्ता तुमच्यासोबत कोण आहे?"

हिचं तोंड तुम्ही बघायला पाहिजे होतं. हिनं फोन कानापासून लांब धरला. फोन तिकडूनच बंद झाला.  मग माझ्याकडं न बघता हिनं वही परत मांडीवर घेतली आणि म्हणाली, "सांग पुढं." अक्षर बिघडलंय म्हणते. बिघडू दे, तुम्हाला कुठं कळणार आहे.

अकराची गाडी गेली. आता कबूल करायला हरकत नाही, मी पहिल्यापासून मुद्दाम लांबण लावली होती. खोऱ्याची गोष्ट, चंचीची गोष्ट, सगळी गाडी चुकवायला. फक्त शेवटची गोष्ट सांगायचं ठरलं नव्हतं. ती आपोआप आली. बॅग अजून दारातच आहे. हिनं ती आत घेतलेली नाही आणि मी घे म्हटलेलं नाही. फोनही परत वाजला नाही, आणि तेच मला जड जातंय. चौकातून उठता यायचं, आत्ती. पाटी उचलली की जागा रिकामी. हिनं उद्या ते पान पुसलं तरी त्यानं अकरा दिवस बघितलेलं पुसलं जात नाही. हिचा फोटो, हिचं कॉलेज, हिचं गाव, सगळं मीच पुढच्या रांगेत नेऊन उन्हात बसवलंय, दुसऱ्यांदा. आणि तो नुसता बसला नसेल. कुणाच्या तरी दुसऱ्या घरी, दुसरी कुणी पोर आज हरखली असेल की बघणारे वाढले. ही आत्ताच म्हणाली, "आज्जी, माझ्या वर्गातल्या सगळ्याजणींना फोन करते. हे संपलं की लगेच." मी म्हटलं, संपवते.

हा कागद कुठं धाडणार? घडी घालून तुमच्या चंचीत ठेवते, ती अजून आहे. ते अकरा काळे चिंचोके इथं आमच्या दोघींच्या मधे मांडलेत, उंबऱ्यावर मांडायचात तसेच. या खेपेला ते कुठं जायचे नाहीत. माझ्या तोंडात दातच नाहीत.

एवढंच राहिलं होतं, तेही लिही ग. ते आठ मला चवीला चांगले लागले होते, आत्ती. नवव्या दिवसाचासुद्धा.